तडा कुठे जाणार?

साध्या काचेत तडा सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने धावतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. म्हणजे एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाईपर्यंत तडा साठ मीटर कापू शकतो. खिडकीची काच तोवर फुटून मोकळी झालेली असते. पडद्यावर आपल्याला फुटणे असे दिसतच नाही, दिसतात ते तुकडे. पण तेच बनावट असले तर डोळ्यांना लगेच खटकते.

ॲनिमेशनमधला सोपा मार्ग म्हणजे वस्तू आधीच कापून ठेवणे. तिच्या आत बिंदू विखुरायचे आणि प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळची जागा वाटून द्यायची. गणितज्ञ वोरोनॉय यांच्या नावाने ही विभागणी ओळखली जाते. धक्का बसला की सांधे सुटतात आणि तुकडे उधळतात. काम झटपट होते, म्हणून गेममध्ये ही युक्ती सर्रास चालते. मात्र बिंदू सगळीकडे सारखे पेरले, तर तुकडेही जवळपास एकाच मापाचे निघतात. खिडकीच्या काचेवर दगड बसला की काय होते ते आठवा: मार बसला तिथे चुरा, तिथून चहूकडे पळालेले तडे आणि चौकटीत अडकून राहिलेले लांबट, टोकदार तुकडे.

हा फरक कशामुळे? ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, की काचेची ताकद तिच्यातल्या सूक्ष्म चिरा ठरवतात. ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि काच तिथून उलते. तेव्हा तडा कुठे जाणार हे कळायला वस्तूच्या आतला ताणच मोजावा लागतो.

संगणकशास्त्रज्ञ जेम्स ओब्रायन आणि जेसिका हॉजिन्स यांनी १९९९ मध्ये संगणकावर नेमके हेच केले. वस्तू त्यांनी चार त्रिकोणी बाजूंच्या चिमुकल्या घटकांत विभागली. काळाच्या प्रत्येक बारीक टप्प्यावर, घटक जिथे जुळतात त्या बिंदूंवर ओढ किती आणि दाब किती, याचा हिशेब होतो. ओढ मर्यादेबाहेर गेली, की तिच्याशी काटकोनात तडा पडतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढची वाटते: तडा घटकांच्या कडांवरून वळसे घेत जात नाही, वाटेतले घटकच चिरले जातात. त्यामुळे तुटलेल्या कडेवर पायऱ्या उमटत नाहीत.

त्यांनी चिनी मातीचा खरा वाडगा सुमारे एक मीटरवरून कठीण पृष्ठभागावर पाडला, वेगवान कॅमेऱ्याने टिपला आणि संगणकातल्या वाडग्याशेजारी ठेवला. तुकड्याला तुकडा जुळावा, अशी अपेक्षा इथे करू नये. दोन खरे वाडगेसुद्धा एकसारखे फुटत नाहीत, कारण प्रत्येकातल्या चिरा वेगळ्या. जुळायला हवी ती फुटण्याची तऱ्हा.

या संशोधनाच्या पायावर पुढे ‘डिजिटल मॉलिक्युलर मॅटर’ आणि ‘काली’ या प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांचे निर्माते एरिक पार्कर आणि बेन कोल यांच्यासह ओब्रायन यांना २०१५ मध्ये ऑस्करच्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.