घाट उतरून समुद्राकडं : गाडीतच संसार न्यायचा तर आधी हे बघा

सातारा/सांगली : मोबाईल उघडला की असं एक तरी रील दिसतंच. नवरा-बायको, मागं पलंग टाकलेली गाडी आणि दार उघडलं की समोर समुद्र. ते बघून आपल्याकडंही बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं की दारात जुनी ट्रॅव्हलर उभी आहे, वेल्डिंगवाला गावातलाच आहे, ऊस तुटून गेला की गाडी बनवायची आणि दोघांनीच गुहागर गाठायचं. हौस चांगली आहे. पण वेल्डिंगवाल्याला बोलवायच्या आधी कागद बघायला लागतात, कारण गोष्ट पैशाची आणि जिवाचीही आहे.

तसं हे आपल्याला अगदी नवं नाही. आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ट्रक बघा. वर ताडपत्री, आत गॅस, भांडी, पाण्याची टाकी, अंथरुणं. फरक एवढाच की दिंडीत स्वयंपाक ट्रकच्या बाहेर होतो आणि माणसं राहुटीत झोपतात. कॅराव्हॅनमध्ये सगळंच बंद दाराआड, आणि खरा धोका तिथंच आहे.

आरसीवर काय लिहिलंय?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेली आणि आरसीवर नोंदलेली रचना मालकाला परस्पर बदलता येत नाही. सीटा काढून पलंग, ओटा, टाकी बसवली आणि आरटीओकडं नोंद केली नाही, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एकवेळ परवडेल. पण घाटात अपघात झाला आणि गाडी आरसीप्रमाणे नाही असं निघालं, तर विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं. मग लाखोंचं नुकसान घरच्यांच्या डोक्यावर.

अशा गाड्यांसाठी आरटीओत वेगळा वाहन वर्ग आहे. घरच्या वापराची कॅम्पर व्हॅन वेगळी आणि भाड्यानं द्यायची वेगळी. म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी ‘चार दिवस घेऊन जा, डिझेल तुमचं, वर एवढे द्या’ असं म्हणून पाहुण्याला देता येत नाही. जुनी गाडी विकत घेणार असाल तर आतला पलंग नंतर बघा, आधी आरसीवरचा वर्ग वाचा. लायसनचं म्हणाल तर नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपर्यंतची वाहतूक गाडीही चालवता येते. ट्रॅव्हलरएवढी गाडी त्यात बसते. दोघांकडंही लायसन असलेलं बरं. एकाला घाटात गरगरलं तर दुसऱ्यानं स्टेअरिंग धरायला पाहिजे.

रात्री दार बंद करताना

डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचं तपासात पुढं आलं. या वायूला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्यामुळं एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून आत झोपायचं नाही, आणि थंडी आहे म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही. गॅसचंही तसंच आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पायाशी साठतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, खाली जमिनीलगत झरोका लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे शेगडी बाहेर काढून स्वयंपाक करावा.

एसीचा मोह सोडला तर विजेचं गणित आपल्या इन्व्हर्टरसारखंच आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण 1,800 वॉट-तास वीज असते. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. दोन दिवे, एक छोटा पंखा, मोबाईलचं चार्जिंग एवढ्यावर रात्र आरामात निघते. एसी मात्र त्याच बॅटरीवर तासभरही टिकणार नाही. पाण्याचं वजनही धरा. 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि ते घेऊनच घाट उतरायचाय.

कुठला घाट, कुठली फेरीबोट

विटा, कडेगाव, कराडकडच्यांना गुहागर-विजापूर रस्ता सरळ पडतो. पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाटातून खाली पोफळी आणि पुढं चिपळूण. कराडपासून चिपळूण साधारण 100 किलोमीटर, तिथून गुहागर आणखी 45 च्या आसपास. वाई-महाबळेश्वरकडून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरता येतं, पण अवजड आणि उंच गाडी घेऊन पहिल्याच फेरीला तो धरू नये. 2018 च्या जुलैत दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात कोसळली होती. घाट कुठलाही असो, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. नुसता ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगायला नको.

खाली उतरल्यावर मात्र नवखा माणूस फसतो. मोबाईलच्या नकाशात समुद्राकाठचा रस्ता सलग वाटतो. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची चर्चा बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे, पण मोठ्या खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत. तिथं गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या आपल्या वाटेवरच्या. दोघांच्या चार-पाच दिवसांच्या फेरीला हा मार्ग चांगला : गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून बोटीनं जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या कड्यावरून रत्नागिरी. आरे-वारेचा पट्टा घाईत पार करू नका, त्यासाठीच तर एवढं उतरून आलो. परतीला साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत कोल्हापूरमार्गे सांगली. बोटीची शेवटची फेरी किती वाजता आणि गाडीची लांबी-उंची चालेल का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावं. बोट चुकली तर खाडीला वळसा घालता घालता अर्धा दिवस जातो.

कोकणातल्या गावांत आतल्या रस्त्याला दोन्हीकडून जांभ्याचे गडगे असतात आणि वर माडाच्या झावळ्या. त्यामुळं गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला लावून पायी आत जावं. वाळूत तर गाडी घालूच नये. सुट्टीच्या दिवसांत कुणाची ना कुणाची गाडी किनाऱ्यावर रुतल्याचा व्हिडिओ येतोच. वर वाळू कोरडी दिसते, पण खाली ओली असते. चाक बसलं की भरती थांबत नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त वर चढतं, त्याला तिकडं उधाण म्हणतात. शिवाय गुहागर, वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली ती घरटी चिरडतात.

मुक्काम आणि संडास

हा प्रश्न बहुतेक वेळा बायकोच विचारते आणि तो पहिला विचारायला हवा. रस्त्याकडेला, पेट्रोल पंपावर रात्र काढणं एकट्या ड्रायव्हरला जमतं, जोडप्याला नाही. वेळणेश्वर आणि गणपतीपुळ्याला एमटीडीसीचे निवास आहेत, बाकी ठिकाणी घरगुती निवासवाले आहेत. आवारात गाडी लावून पाणी, वीज आणि संडास वापरायला द्याल का, किती घ्याल, हे निघायच्या आधी फोनवर ठरवावं. गाडीतल्या केमिकल टॉयलेटची टाकी ओढ्यात किंवा खाडीत ओतायची नाही. ती बायोगॅसच्या टाकीतही नको, त्या औषधानं आतले जिवाणू मरतात.

राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात खासगी जागेवरही कॅराव्हॅन पार्क करायला वाव आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. त्याआधी 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं होतं. पाटण, कोयना, वाई भागात रस्त्याला लागून शेत असलेल्यांनी हे दोन्ही एकत्र वाचण्यासारखं आहे. पण लगेच कर्ज काढून शेड मारू नका, अजून या गाड्या मोजक्याच आहेत. सपाट मुरमाची जागा, एक नळ, मीटरवरून घेतलेला एक प्लग आणि स्वच्छ संडास-बाथरूम एवढ्यावर सुरुवात होते. घाट उतरायच्या आधी एक रात्र थांबणारं गिऱ्हाईक खरंच येतंय का, हे एका हिवाळ्यात कळेल.