एक वर्ग, अनेक घरं : मुख्याध्यापकांच्या हाती काय?

श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर कोळी, कुणबी, कोकणी मुसलमान आणि कातकरी अशा अनेक समाजांची वस्ती आहे. मुलांचं घर ओळखून शिकवायचं, तर सुरुवात मुख्याध्यापकांपासून व्हावी लागते.

बोली : कोकणी मुसलमान घरांत कोकणी बोली, तर उर्दू शाळेत पुस्तक उर्दूचं. कातकरी बोलीही प्रमाण मराठीहून वेगळी. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं शिक्षण हक्क कायदा, २००९ (कलम २९) सांगतो. पहिलीत मूल बोलीत उत्तर देत असेल, तर आधी उत्तर ऐका. प्रमाण शब्द मागाहून द्या.

स्थलांतर : कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळा सरला की अनेक कुटुंबं वीटभट्ट्या-कोळसाभट्ट्यांवर जातात. कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा; तो उशिरा मिळाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

समिती : शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात (कलम २१). वंचित गटांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा हवी. मासळी विकणाऱ्या आईला भर बाजाराच्या वेळी बैठकीला बोलावलं, तर ती जागा कागदावरच राहते.

गणित : ‘बांगड्याचे शंभराला चार वाटे, तर अडीचशेला किती?’ बाजारात आईशेजारी बसणारं मूल हे तोंडी सोडवतं. पाटीवर मांडायला शिकवणं, एवढंच शिक्षकाचं काम उरतं.