आधी पिशवी उघडा

खोकला आणि थुंकीत रक्त म्हटलं की आपल्या भागात पहिला विचार टीबीचा येतो. तो यायलाच हवा. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी मीही लिहितोच. पण नांदेडच्या ओपीडीत बसताना त्याआधी मी पेशंटची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करतो.

शुगरच्या, बीपीच्या, गुडघेदुखीच्या पट्ट्या निघतात. नुसतं विचारलं तर “थायरॉईडची गोळी चालू आहे” एवढंच कळतं. सकाळी अनशापोटी घ्यायची थायरॉक्सिन ही ग्रंथी मंदावलेल्यांसाठी. कार्बिमॅझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल, म्हणजे पीटीयू, यांचं काम बरोबर उलटं: वाढलेलं हार्मोन खाली आणायचं. पट्टी हातात घेतल्याशिवाय हा फरक कळत नाही.

अहमदपूरकडच्या एका मावशींच्या पिशवीत पीटीयू निघाली. कार्बिमॅझोलने अंगाला खाज सुटली म्हणून काही वर्षांपूर्वी बदलून दिलेली. टीबीची तपासणी निगेटिव्ह, तरी खोकल्यातून रक्त पडत होतं, धाप लागत होती, सांधे ठणकत होते. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर पांढुरके डाग होते आणि हिमोग्लोबिन घसरलेलं.

“मावशी, लघवी तपासली का कुणी?”

“लघवीला काय धाड भरलीय? खोकल्याचं बघा की, डॉक्टरसाहेब.”

त्या साध्या तपासणीतच रक्तपेशी आणि प्रथिनं दिसली. फुफ्फुस आणि मूत्रपिंड एकाच वेळी बिघडलेली, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेची शंका घ्यायलाच हवी. अशा सुजेत रक्तात सापडणाऱ्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँका तपासणी पॉझिटिव्ह आली.

पीटीयू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साठते, तिथल्या मायलोपेरॉक्सिडेज या प्रथिनाचं रूप बदलते आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, असं मानलं जातं. प्रतिपिंडं बऱ्याच जणांत सापडतात, आजार थोड्यांनाच होतो. पण तो गोळी वर्षानुवर्षं निमूट पचल्यावरही उभा राहू शकतो. कार्बिमॅझोलनेही होतो, मात्र कमी. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे ती गोळी थांबवणं. तेवढ्यानेही काहींना उतार पडतो. फुफ्फुसात रक्तस्राव असेल तर स्टिरॉइड आणि त्याहून कडक औषधं लागतात. धाप वाढत असेल तर नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी पाठवावं. थायरॉईडसाठी पुढे रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रिया उरते.

म्हणून पीटीयू किंवा कार्बिमॅझोल लिहिताना मी नातेवाइकांनाही समोर बसवतो. ताप आणि घसादुखी आली तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घ्यायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्या अचानक तळाला जाऊ शकतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. डोळे पिवळे दिसले, थुंकीत किंवा लघवीत रक्त आलं, तरी थेट यायचं. मात्र भीतीने मनानेच गोळी सोडू नका, हेही तितकंच ठासून सांगतो. वाढलेला थायरॉईड हृदयाला सोडत नाही, आणि बहुतेकांना या गोळ्या चांगल्या मानवतात.

राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. दुष्परिणामाची नोंद पेशंटही करू शकतो; फॉर्म मराठीत मिळतो, 1800-180-3024 हा फोन नंबर मोफत आहे. फॉर्मवर औषध कधी सुरू केलं ती तारीख विचारलेली असते. मावशींची तारीख एका चुरगळलेल्या जुन्या चिठ्ठीवर सापडली.