कुरणाची पारख: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रावणात हिरवेगार दिसणाऱ्या गायरानात होळीच्या सुमारास जनावरे धूळ हुंगत फिरतात. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्व भागातील माळांवर हे चित्र नेहमीचे आहे. दोष आपण पावसाला देतो. पण बऱ्याचदा आपलीच पारख चुकलेली असते.

गैरसमज १: रान हिरवे, म्हणजे चारा भरपूर.
वस्तुस्थिती: तरोटा, घाणेरी आणि गाजर गवतही हिरवेच असते, पण गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. म्हणून रान किती हिरवे आहे यापेक्षा तिथे काय उगवले आहे ते पाहावे. मारवेल, पवना, डोंगरी ही बहुवर्षायू गवते दिसली तर कुरण सुस्थितीत आहे. अति चराईने ती मागे हटतात आणि कुसळी वाढते. कुसळी कोवळी असताना गुरे खातात, पण तिला कुसळे धरली की ती मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीत रुततात. ऱ्हास आणखी वाढला की हंगामी गवते आणि तण तेवढे उरते.

गैरसमज २: चारा नजरेने मोजता येतो.
वस्तुस्थिती: पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यात असताना, एक मीटर लांब-रुंद चौकट माळावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. आतले खाण्याजोगे गवत कापून, वाळवून तोलावे. सरासरी १०० ग्रॅम भरली, तर हेक्टरी १ टन वाळला चारा झाला. त्यातला निम्माच जनावरांचा. उरलेला निम्मा मुळांसाठी, बियांसाठी आणि माती धरून ठेवण्यासाठी राखायचा. ३०० किलो वजनाच्या गाईला रोज सुमारे ६ किलो वाळला चारा लागतो, म्हणजे वर्षाला जवळपास २,२०० किलो. अशा माळावर एका गाईला चार हेक्टरांहून अधिक जागा हवी.

गैरसमज ३: पहिल्या पावसाचे कोवळे गवत लगेच चारावे.
वस्तुस्थिती: पहिले कोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात. तेच खुडले गेले तर ठोंब दुबळा होतो, शिवाय ओली माती खुरांखाली घट्ट होते. गवत वीतभर वाढेपर्यंत थांबावे.

गैरसमज ४: चराई कायमची बंद केली की कुरण सुधारते.
वस्तुस्थिती: उजाड झालेल्या रानाला काही काळ विश्रांती हवीच. पण वर्षानुवर्षे न चरलेल्या रानात जुने, वाळके गवत साचते, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि वणव्याचा धोका वाढतो. गायरानाचे तुकडे पाडून पाळीपाळीने चारणे, हा खरा उपाय.

गैरसमज ५: माळरान पडीक आहे, तिथे झाडे लावावीत.
वस्तुस्थिती: कमी पावसाच्या, उथळ मातीच्या प्रदेशात गवताळ माळ हीच निसर्गाची घडण असते. सरकारी नकाशांत असे कित्येक माळ ‘पडीक’ म्हणून नोंदले गेले. पण धनगरांच्या दख्खनी मेंढ्या, लांडगा, काळवीट आणि नान्नजच्या अभयारण्यामुळे ओळखला जाणारा माळढोक हे सारे या मोकळ्या माळावरच जगत आले. दाट झाडी लावली की सावलीत गवत खुरटते आणि उघड्यावर राहणारे पक्षी जागा सोडतात.

यंदा पावसाळा सरताना ग्रामसभेने गुराख्यांना आणि मेंढपाळांना सोबत घेऊन गायरानात चौकट टाकावी, गवतांची नावे वहीत लिहावीत आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा मोजणी करावी. किती जनावरे चारायची, हे त्या वहीवरून ठरू द्या.