संगणकाआधी ओढा
नदीचं गणित : भाग ३

मागच्या लेखात सह्याद्रीवर पडलेला पाऊस ओढ्यांतून नदीपर्यंत कसा येतो ते पाहिलं. आता पाणी पात्रात आलं आहे. कोयना धरणातून अमुक हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू झाला अशी बातमी येते, तेव्हा सांगलीतल्या माणसाला त्या क्युसेकशी काही देणंघेणं नसतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर जाणार आणि कधी, एवढंच त्याला हवं असतं. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. क्युसेकचे फूट करून देणं, हे नदीच्या संगणकीय मॉडेलचं मुख्य काम.

ते करायची साधनं आज कुणालाही मिळतात. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचं कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे जलशास्त्राचं केंद्र आहे. त्यांनी १९९५ मध्ये आणलेलं हेक-रास हे सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं आणि ते फुकट उतरवून घेता येतं. त्याच्या पोटात जे गणित चालतं ते फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ याने १८७१ मध्ये मांडलेलं. त्याची समीकरणं दोनच. पहिलं पाण्याचा जमाखर्च ठेवतं : नदीच्या एका तुकड्यात वरून जेवढं आलं त्यातून खाली गेलेलं वजा केलं की उरलेलं तिथेच साठलं, म्हणजे पातळी चढली. दुसरं जोराचा हिशेब करतं : उतार पाण्याला पुढे ओढतो, तळ आणि काठ त्याला अडवतात, आणि पुढचं पाणी तुंबलेलं असेल तर तेही मागे रेटतं.

नवशिका इथेच घाई करतो. सॉफ्टवेअर उघडतो, अवकाशातून मोजलेल्या उंचीचा नकाशा उतरवतो, त्यात नदी आखतो आणि बटण दाबतो. पडद्यावर निळं पाणी सुरेख पसरतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण तो नकाशा नीट पाहा. खूप वापरला जाणारा एक फुकटचा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेल्या मोजणीवरून तयार झाला आहे. रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही. दाट झाडी असेल तिथे जमिनीऐवजी शेंड्याजवळची उंची मिळते. चूक काही मीटरची असू शकते. सपाट मुलखातल्या नदीचा उतार ५,००० मीटरला १ मीटर धरला, तर किलोमीटरभरात नदी उतरते फक्त २० सेंटिमीटर. चूक मीटरांत आणि उतार वीतभर! अशा नकाशावरून नदीचं पात्र काढणं म्हणजे तराजूच्या काट्याशिवाय सोनं तोलणं.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं मॉडेल संगणकावर करूच नका. गावाजवळचा वाहता ओढा निवडा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पुराचं असेल तर अजिबात उतरू नका, आणि एकट्याने तर नकोच. सरळ वाहणारा २० मीटरचा तुकडा काठावर खुंट्या ठोकून आखा. एका काठावरून दुसऱ्या काठाला दोरी ताणा आणि दर अर्ध्या मीटरला काठी बुडवून खोली लिहून घ्या. हा झाला तुमचा आडवा छेद. समजा, पात्र ६ मीटर रुंद आणि खोली जवळपास सगळीकडे अर्धा मीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर.

आता वरच्या खुंटीच्या बऱ्याच मागे पाण्यात एक संत्रं सोडा. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. खुंटीपासून खुंटीपर्यंत त्याला २५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. तळाजवळ पाणी सावकाश जातं, म्हणून सरासरीसाठी ०.८५ ने गुणतात. आले ०.६८. त्याला ३ चौरस मीटरने गुणलं की विसर्ग सेकंदाला साधारण २ घनमीटर, म्हणजे ७२ क्युसेक. एकदा हे स्वतः मोजलं की बातमीतला क्युसेक हा शब्द तुम्हाला वेगळाच ऐकू येईल.

राहिला उतार. गवंडी भिंतीची पातळी मिळवायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. २० मीटरमध्ये पाण्याची पातळी ५ सेंटिमीटर उतरली, तर उतार ४०० ला १. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही बहुतेक मॉडेलांमध्ये आहे. त्यात वेग, खोली, उतार यांच्या जोडीला एक आकडा येतो : पात्राचा खरखरीतपणा. आपली मापं त्या सूत्रात घातली की ओढ्याचा आकडा निघतो ०.०४४ च्या आसपास. गुळगुळीत सिमेंटच्या कालव्याचा ०.०१३, स्वच्छ सरळ नदीचा ०.०३, दाट झुडपांचा ०.१ किंवा त्याहून जास्त. ओढ्यातल्या गोट्यांनी आणि काठच्या गवताने स्वतःचा आकडा तुम्हाला सांगितला.

हा आकडा किती घात करू शकतो, ते पाहा. १०० मीटर रुंदीचं चौकोनी पात्र, उतार ५,००० ला १, खोली ५ मीटर. खरखरीतपणा ०.०३५ धरला तर त्यातून सेकंदाला सुमारे ५५४ घनमीटर पाणी जातं, म्हणजे साडेएकोणीस हजार क्युसेक. आता पात्रात बाभळी माजल्या, राडारोडा पडला आणि आकडा ०.०५ झाला. तेवढंच पाणी जायला खोली लागते सव्वासहा मीटर. पाऊस तोच, धरणाचा विसर्ग तोच, पण पाणी सव्वा मीटर वर. चार फूट! एखाद्या गल्लीत पाणी उंबऱ्याशी थांबणार की खिडकीतून आत शिरणार, हे अशा एका आकड्यावर ठरतं. उभा ऊस आणि नुकतं नांगरलेलं रान यांनाही म्हणूनच एकच आकडा लावून चालत नाही.

दुसरी मोठी चूक मॉडेल संपतं तिथे होते. सांगलीची पातळी हवी म्हणून मॉडेल सांगलीतच संपवलं, तर उत्तर चुकणार. शहराच्या थोडं खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगतं. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते. म्हणजे आयर्विन पुलाखालून जाणारं पाणी तेवढंच असूनही पातळी वेगवेगळी असू शकते. मॉडेल संगमांच्या बरंच खाली न्यायचं आणि उपनद्यांचं पाणी ज्या त्या जागी सोडायचं, हाच उपाय. त्यातही आणखी एक खबरदारी घ्या. पुलावरचे फूट तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे असतात, नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची. पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे माहीत नसेल, तर दोन्हींचा मेळ बसणार नाही.

पाणी पात्र सोडून मळीच्या रानात पसरलं की एकामागे एक छेद मांडून भागत नाही. मग रानाचे चौकोन पाडून दोन्ही दिशांनी वाहणारं पाणी मोजावं लागतं. ही सोय हेक-रासमध्ये २०१६ पासून आहे. महामार्गाचा भराव, पुलाच्या कमानी, बंधारे हे सगळं त्यात आलं पाहिजे. त्याचा तपशील पुढच्या भागात.

शेवटी उरते पडताळणी. २०१९ चा पूर घेऊन खरखरीतपणाचे आकडे बसवायचे आणि त्यांना हात न लावता २०२१ च्या पुरावर मॉडेल चालवायचं. तिथेही पातळी जुळली तरच त्यावर भरवसा ठेवायचा. एकाच पुरावर बसवून त्याच पुरावर तपासलेलं मॉडेल मी मानत नाही. आणि तपासायला लागतात त्या खुणा : घाटाची कितवी पायरी बुडाली, नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा (पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तो क्षण) किती वाजता झाला, कुणाच्या भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली. पुलावरची पट्टी एका जागेचं सांगते, गल्लीतलं पाणी गल्लीतल्याच माणसाला ठाऊक असतं.

तेव्हा नदीकाठी राहणाऱ्यांना एक विनंती. पाणी ओसरल्यावर भिंत धुण्याआधी त्या रेषेवर ऑइल पेंटने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि पाणी सर्वांत वर होतं ती वेळ आठवत असेल तर तीही लिहा. रंगकामात ती पुसू देऊ नका.