डोंगरातली सायकलवाट पाण्याशी कशी वागते? स्कॉटलंडच्या ट्वीड खोऱ्याची गोष्ट

तुमच्या फीडमध्ये असं एखादं रील नक्की येऊन गेलं असेल. हेल्मेटवर लावलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधून फूट-दीड फूट रुंदीची मातीची वाट आणि त्यावरून सुसाट उतरणारी सायकल. खाली कुठेतरी नदी चमकते. बघणाऱ्याला वाटतं, काय भारी जंगल आहे, जाऊन सायकल घातली की झालं!

पण ती वाट आपोआप तयार झालेली नसते. कुणीतरी उतार मोजलेला असतो, कुदळ-फावड्याने माती कापलेली असते, वळणावर दगड बसवलेले असतात. आणि हे सगळं करताना त्यांच्या डोक्यात सायकलच्याही आधी एक गोष्ट असते, ती म्हणजे पावसाचं पाणी.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर स्कॉटलंडचं ट्वीड खोरं हे चांगलं उदाहरण आहे.

हे ट्वीड खोरं आहे कुठे?

दक्षिण स्कॉटलंडमध्ये ट्वीड नावाची नदी आहे. साधारण १५६ किलोमीटर वाहत ती पूर्वेकडे जाते आणि बेरिक गावाजवळ उत्तर समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात काही अंतर ती स्कॉटलंड आणि इंग्लंडची सीमाही आहे. पीबल्स, इनरलीदन, वॉकरबर्न ही तिच्या काठची छोटी गावं. एडिनबरा शहरापासून इथे यायला साधारण तासभर लागतो.

कोटाचं ‘ट्वीड’ कापड तुम्ही ऐकलं असेल. या भागात लोकरीच्या गिरण्या होत्या. स्कॉट बोलीत तिरप्या विणीच्या कापडाला ‘ट्वील’ म्हणायचे. १८३०च्या आसपास लंडनच्या एका व्यापाऱ्याने तो शब्द ‘ट्वीड’ असा वाचला, त्याला वाटलं नदीचंच नाव आहे आणि तेच नाव चिकटलं, असा किस्सा सांगितला जातो.

पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. उरली नदी, मेंढ्यांची कुरणं आणि डोंगरावरचं जंगल. या जंगलाचीही एक कहाणी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची प्रचंड टंचाई भासली. म्हणून १९१९ साली सरकारने वनीकरणासाठी ‘फॉरेस्ट्री कमिशन’ स्थापन केलं आणि उघड्या डोंगरांवर सूचिपर्णी झाडं लावायला सुरुवात झाली. म्हणजे रीलमध्ये दिसणारं ते ‘घनदाट जंगल’ बऱ्याच ठिकाणी लाकडासाठी ओळीने लावलेलं पीक आहे.

मग सायकल कुठून आली?

माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायचे. तिथल्या एका शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. कारण उतारावर ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. १९९६ साली अटलांटामध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला.

ट्वीड खोऱ्याला मात्र या खेळाची गरज भासली ती एका संकटामुळे. २००१ साली ब्रिटनमध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. रोग पसरू नये म्हणून गावोगावच्या पायवाटा बंद केल्या गेल्या. शेतकरी तर बुडालाच, पण फिरायला येणाऱ्यांवर पोट असलेले खानावळवाले आणि छोटे लॉजवालेही बसून राहिले.

त्यानंतरच्या काळात दक्षिण स्कॉटलंडच्या सरकारी जंगलांमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ या नावाने माउंटन बाइकची केंद्रं उभी राहिली. ‘स्टेन’ म्हणजे स्कॉट बोलीत दगड. प्रत्येक केंद्रावर एक कोरलेला दगड आहे, म्हणून हे नाव. ट्वीड खोऱ्यातली ग्लेंट्रेस आणि इनरलीदन ही जंगलं त्यातलीच. पीक म्हणून लावलेल्या जंगलाला असा दुसरा उपयोग मिळाला.

वाटेचा खरा शत्रू कोण?

अनेकांना वाटतं की चाकांमुळे वाट खराब होते. थोडी होतेच. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये एका अभ्यासात जंगलातल्या जमिनीवरून काही पट्ट्यांवर माणसं चालवली आणि काहींवर सायकली नेल्या, पाचशे फेऱ्यांपर्यंत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झाडोऱ्याच्या नुकसानीत दोघांमध्ये फारसा फरक आढळला नाही.

वाट खरी संपवतं ते वाहणारं पाणी. डोंगरावर पाऊस पडला की पाण्याला सगळ्यात जवळचा, सरळ खाली जाणारा मार्ग हवा असतो. तुमची वाटही सरळ खाली जात असेल, तर पाणी तीच धरतं. पहिल्या वर्षी बारीक ओघळ पडतो, दुसऱ्या वर्षी चर होतो, पुढे त्याची घळ होते. मग लोक घळीच्या बाजूने चालायला लागतात आणि शेजारी दुसरी वाट पडते. तिचंही तेच होतं. आपल्या अनेक गड-किल्ल्यांच्या चढावर शेजारी शेजारी तीन-चार उखडलेल्या वाटा दिसतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

म्हणून वाट बांधणाऱ्यांनी काही नियम ठरवले आहेत. ते जगभर वापरले जातात.

पहिला, अर्ध्याचा नियम. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. समजा डोंगराचा उतार ४० टक्के आहे, म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर ४० मीटर उंची बदलते. तर तिथल्या वाटेचा चढ २० टक्क्यांच्या आत हवा. असं केलं की वाट डोंगराला आडवी जाते आणि वरून आलेलं पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं, वाटेवरून धावत नाही. अट पाळली नाही तर वाटच नाला बनते.

दुसरा, दहा टक्क्यांचा नियम. एखादा तुकडा चढा असला तरी चालेल, पण संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी ठेवायचा.

तिसरा, बाहेरचा कल. वाट डोंगरात पायरीसारखी कापतात, पण ती पूर्ण सपाट ठेवत नाहीत. दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के उतार देतात. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, पण पाण्याला पुरतो.

चौथा सगळ्यात हुशार. उतरणाऱ्या वाटेला ठरावीक अंतराने थोडा वेळ चढ द्यायचा आणि पुन्हा उतरवायचं. त्या खोलगट जागी पाणी वाट सोडून बाजूला पडतं. सायकलवाल्याला वाटतं, काय मस्त लाटेसारखी वाट केली आहे! ती मजा आहेच, पण मुळात ती पाण्यासाठी काढलेली वाट आहे.

आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘सलग समतल चर’ खणतात, ते तुम्ही पाहिलं असेल किंवा श्रमदानात स्वतः खणलंही असेल. त्यामागचं शास्त्र याच घराण्यातलं आहे. फरक इतकाच की चरात पाणी अडवून जिरवायचं असतं आणि सायकलवाटेवर ते थांबू न देता हळूच पुढे पाठवायचं असतं.

वळणांचंही तसंच. वेगाच्या वळणावर बाहेरची कड उचलून कटोऱ्यासारखा आकार देतात. हायवेच्या वळणावर रस्ता एका बाजूला झुकलेला असतो, तसंच हे. त्यामुळे ब्रेक कमी दाबावा लागतो. ब्रेक कमी म्हणजे चाक घसटणं कमी आणि माती उखडणंही कमी. जिथे जमीन कायम ओली राहते, तिथे दगड रचून पृष्ठभाग पक्का करतात.

हिरवा, निळा, लाल, काळा

ब्रिटनमध्ये वाटांना रंग दिलेले आहेत. हिरवी वाट नवख्यांसाठी, निळी थोडा सराव असलेल्यांसाठी, लाल अवघड आणि काळी फक्त कसलेल्यांसाठी. नारिंगी रंग उड्या आणि मोठ्या वळणांच्या ‘बाइक पार्क’साठी असतो. रंग पाहून वाट निवडली की अपघात टळतात. शिवाय नवखा माणूस अवघड उतारावर सगळा वेळ ब्रेक दाबून माती खरवडत जातो, तेही टळतं.

आणि या सगळ्यात नदीचं काय?

ट्वीड ही सॅमन माशांसाठी प्रसिद्ध नदी आहे आणि संरक्षितही. सॅमन समुद्रातून उलटा प्रवास करून नदीत येतो आणि हिवाळ्याच्या सुमाराला तळाच्या खडीत अंडी घालतो. त्या खडीच्या फटींतून ताजं पाणी खेळतं, म्हणून अंड्यांना प्राणवायू मिळतो. डोंगरावरची बारीक माती वाहत येऊन त्या फटींत बसली की अंडी गुदमरतात.

म्हणजे वर जंगलात एखादी वाट चुकीच्या ठिकाणी सरळ उतरली, तर त्याचा हिशोब खाली नदीत लागतो. गढूळ पाण्याला शेतं, जंगलतोड, रस्ते अशी इतरही कारणं असतात. पण वाटेवरची माती वाटेवरच ठेवणं हे वाट बांधणाऱ्याच्या हातात असतं.

कुठेही सायकल घालायला परवानगी आहे का?

स्कॉटलंडमध्ये २००३चा जमीन सुधारणा कायदा आहे. त्याने २००५ पासून लोकांना बहुतेक मोकळ्या जमिनीवर आणि जंगलात फिरण्याचा हक्क दिला. त्यात पायी चालणं, घोडा आणि सायकल येतात, मोटारगाड्या येत नाहीत. अट एकच, जबाबदारीने वागायचं. शेजारच्या इंग्लंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे १९६८च्या कायद्याने सायकलला घोड्यांच्या वाटेवर जाता येतं, तेही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ देऊन. साध्या पायवाटेवर सायकलचा हक्क नाही.

पण फिरण्याचा हक्क म्हणजे खणण्याचा हक्क नव्हे. इनरलीदनच्या वरच्या डोंगरावर ‘गोल्फी’ नावाचा भाग आहे. शेजारी गोल्फचं मैदान आहे, म्हणून हे नाव. तिथे हौशी सायकलवाल्यांनी परवानगीविना अतिशय तीव्र उताराच्या वाटा खणल्या. त्या जगभर गाजल्या, पण जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरला. अपघात झाला तर काय? झाडं तोडायच्या वेळी खाली कुणी सायकलवर असेल तर? अखेर स्थानिकांनी संघटना उभी केली आणि जमीनमालकांशी बोलून वाटांची देखभाल अंगावर घेतली. आता तिथे स्वयंसेवक पाण्याला वाट काढून देण्याचं तेच जुनं काम करत असतात.

हे काम संपत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘आर्वेन’ वादळाने या भागात असंख्य झाडं पाडली. झाड मुळासकट उपटतं तेव्हा शेजारची वाटही घेऊन जातं. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक सायकलिंग स्पर्धेची क्रॉस-कंट्री शर्यत ग्लेंट्रेसमध्येच झाली. पुरुषांमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक आणि महिलांमध्ये फ्रान्सची पॉलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली.

आपल्याकडे काय?

सह्याद्रीत डोंगर आहेत, नद्या आहेत आणि सायकलवालेही वाढत आहेत. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. अशा पावसात सरळ उतरणाऱ्या वाटेची घळ व्हायला वेळ लागत नाही. आपले जुने घाट बैल आणि घोड्यांसाठी वळणं घेत, डोंगराला आडवे का चढतात, याचं उत्तरही थोडंफार यातच आहे.

तर पुढच्या वेळी सायकल घेऊन डोंगरावर जाणार असाल तर इतकं करा:

• आधी जागा कुणाची आहे ते विचारा. अभयारण्यात प्रवेशासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. खासगी रानात मालकाला विचारा.

• मुसळधार पावसानंतर लगेच मातीच्या वाटेवर जाऊ नका. चाकाने मागे खोल रेघ पडत असेल तर वाट अजून तयार नाही, परत फिरा.

• वाटेत डबकं असेल तर वळसा घालू नका, हळूच मधून जा. वळशाने वाट रुंद होते आणि गवत मरतं.

• मागचं चाक लॉक करून घसरत जाऊ नका. रीलमध्ये छान दिसतं, पण माती सुटते ती पुढच्या पावसात वाहून जाते.

• वळणांच्या मधून सरळ शॉर्टकट काढू नका. पाणी नेमका तोच शॉर्टकट धरतं.

• चालणाऱ्यांना, गुराख्यांना आणि त्यांच्या जनावरांना आधी जाऊ द्या. ती वाट आधी त्यांची आहे.

आणि ट्रेकिंग किंवा सायकलिंगचा ग्रुप असेल तर पावसाळ्याआधी एक रविवार वाटेसाठी ठेवा. जिथे पाणी वाटेवर घुसतं तिथे वनखात्याच्या किंवा मालकाच्या संमतीने चार कुदळी मारून त्याला बाजूला काढून द्या. ट्वीड खोऱ्यातले लोक वर्षानुवर्षं हेच करतात, म्हणून त्यांच्या वाटा टिकून आहेत.