महाविद्यालयीन कबड्डीतील चढाईची रचना आणि व्यावसायिक कबड्डीसाठी होणारी पूर्वतयारी

प्रस्तावना :
२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला आणि ग्रामीण महाविद्यालयांतील कबड्डीपटूंपुढे उपजीविकेचा एक नवा मार्ग खुला झाला. तत्पूर्वी चांगल्या खेळाडूचे ध्येय बँक, रेल्वे किंवा पोलीस दलातील नोकरी हेच असे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातकापणीनंतर गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात व त्यांतूनच आसनगाव परिसरातील महाविद्यालयांना आयते खेळाडू मिळतात. मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गुणांची लयलूट करणारा चढाईपटू व्यावसायिक संघात बहुधा राखीव खेळाडूंतच का राहतो, याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक या आक्रमणाच्या सूत्रधाराबाबत नेमका हाच प्रश्न विचारला जातो : महाविद्यालयाच्या सोप्या आक्रमणरचनेत मिळालेले यश त्याच्या निर्णयक्षमतेचे, की रचनेचे? कबड्डीच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका खेळाडूवर बेतलेली रचना :
महाविद्यालयीन संघाची रचना सामान्यतः एका हुकमी चढाईपटूभोवती उभी असते. पहिली चढाई त्याची आणि अटीतटीची चढाईही त्याचीच. तो बाद झाला की उरलेले सहकारी रिकाम्या चढाया करून वेळ काढतात आणि पकडीतून गुण मिळून तो मैदानात परतण्याची वाट पाहतात. करंडक जिंकण्यासाठी ही रचना सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे दोन उणिवा झाकल्या जातात.

पहिली उणीव बोनस गुणांसंबंधी आहे. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. प्रतिस्पर्धी पाच किंवा त्याहून कमी उरले की बोनसवर जगणाऱ्या चढाईपटूचे भांडवलच संपते व प्रत्यक्ष स्पर्शाने गडी बाद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय व्यावसायिक संघांचे कोपरारक्षक चित्रफिती पाहून त्याचा बोनसकडे जाणारा पाय कोणता, हे आधीच हेरून ठेवतात.

दुसरी उणीव तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. ३० सेकंदांची मर्यादा आणि चढाईपटूची निकड ओळखून मागे सरकून उभा असलेला बचाव, अशा स्थितीत धोका केव्हा पत्करावा हे केवळ सरावानेच उमगते. व्यावसायिक संघात नवोदिताच्या वाट्याला येतात त्या बहुतांशी अशाच चढाया. महाविद्यालयात मात्र ही जबाबदारी प्रमुख चढाईपटू आपल्याकडेच ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले खेळाडू तिच्यावाचून कोरडे राहतात आणि प्रमुखाला दुय्यम भूमिकेचा अनुभवच मिळत नाही.

रिशांक देवाडिगाचे उदाहरण येथे बोलके आहे. यू मुंबा संघात अनुपकुमारच्या छायेत तो साहाय्यक चढाईपटू म्हणून खेळला. २०१७ मध्ये यूपी योद्धाकडे गेल्यावर त्याने जयपूरविरुद्धच्या एका सामन्यात २८ चढाईगुण मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईने पदार्पणाच्याच हंगामात, २०१८ मध्ये, दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले व पुढील वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. हा अपवाद होय. दुर्दैवाने महाविद्यालयांत उदाहरण म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवणाऱ्या पुणेरी पलटणची रचना अधिक अभ्यसनीय आहे. कर्णधार अस्लम इनामदार चढाईइतकाच पकडीतही सहभागी होत असे आणि त्या सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक चढाईगुण पंकज मोहितेने मिळवले.

माती आणि मॅट :
मातीवर पाऊल घसरते व चढाईपटू त्या घसरण्याचाच उपयोग करून वळतो. मॅटवर बुटांचा तळवा पकड घेतो. वळण तीव्र होते आणि गुडघ्यावर ताण येतो. बचावपटूही खरचटण्याच्या भीतीविना झेपावतो. आसनगाव परिसरात ही अडचण ऋतुमानामुळे वाढते, कारण पावसाळ्यात मातीचे मैदान वापरताच येत नाही. त्यातच मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही, शेवटची एस. टी. गाठणाऱ्या विद्यार्थ्याचा सायंकाळचा सराव अर्धाच होतो. मॅट विकत घेणे प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. तथापि रचनेतील बदलाला खर्च लागत नाही. प्राथमिक फेरीतील सामन्यांत तिसरी चढाई आळीपाळीने देणे आणि प्रमुख चढाईपटूला बचावातही कोपऱ्यावर उभे करणे हे शारीरिक शिक्षण संचालकाच्या हाती असते. यात एखादा सामना गमावण्याचा संभव आहे, आणि करंडकावरून विभागाचे मूल्यमापन करणाऱ्या व्यवस्थेत तो धोका पत्करणे सोपे नाही.

मूल्यमापनाचे साधन गुणपत्रकातच उपलब्ध आहे. त्यात बोनस गुणांची नोंद वेगळी असते. स्पर्शगुण किती, तिसऱ्या चढाया किती व त्यांपैकी यशस्वी किती, हे हंगामाअखेर सहज मोजता येते. निवड चाचणीसाठी तृतीय वर्षाची परीक्षा सोडण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर व त्याच्या पालकांसमोर हे आकडे ठेवणे अगत्याचे आहे. गुडघ्याच्या एका दुखापतीने करार संपू शकतो. पदवीची परीक्षा मात्र त्याच वर्षी द्यावयाची असते.